ट्रॉपिकल आयसोपॉड पाळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या आठवड्यात "दिसत का नाहीत?", दुसऱ्या महिन्यात "मेले की काय?" आणि वर्षभराने "आता एवढ्यांचं करू काय?" माझ्याकडे येणारे निम्मे प्रश्न या तिघांतच संपतात. उरलेले निम्मे जरा अवघड असतात. दोन्ही प्रकारचे इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आयसोपॉड म्हणजे किडाच ना?

नाही. तो कोळंबी-खेकड्यांच्या गोतावळ्यातला, म्हणजे क्रस्टेशियन. जमिनीवर राहणाऱ्या साडेतीन हजारांहून जास्त जातींची नोंद झालेली आहे. खोल समुद्राच्या तळाशी फिरणारा, फूटभर वाढणारा बॅथिनोमस हाही त्यांचाच भाऊबंद. गोळी होणाऱ्या वाणी किड्याशी पुष्कळांची गल्लत होते. त्यावर सोपा उपाय म्हणजे पाय मोजणं. मोठ्या आयसोपॉडला सात जोड्या पाय असतात. त्याहून जास्त दिसले तर तो वाणी.

त्याच्या पोटाखाली, मागच्या टोकाला पानांसारखे पातळ पापुद्रे असतात. त्यांना प्लिओपॉड म्हणतात आणि श्वास त्यांतूनच चालतो. ते ओलसर नसतील तर प्राणी हवेतसुद्धा गुदमरतो. जमिनीवर आला खरा, पण पाण्यातला जुना संसार अजून पाठीशी, नव्हे पोटाशी, बांधलेलाच आहे.

२. 'कलेक्टर' जाती वेगळ्या कशामुळे?

हा शास्त्रातला गट नाही, छंदातला शब्द आहे. दिसायला देखणी, वाढायला सावकाश आणि मिळायला अवघड अशी जात 'कलेक्टर' ठरते. या सगळ्यांचा बडेजाव वाढवला तो क्युबॅरिस गटातल्या 'रबर डकी'ने. २०१७च्या सुमारास थायलंडच्या चुनखडीच्या गुहांच्या भागातून तो छंदात आला. अंग काळपट, आणि पिवळा चेहरा समोरून पाहिला तर हुबेहूब आंघोळीच्या टबातलं खेळण्याचं बदक. त्याच्या मागोमाग 'पांडा किंग', 'व्हाइट शार्क', 'अंबर' आले, आणि आग्नेय आशियातले झगझगीत रंगांचे मेरुलानेलाही आले. ही नावं किती भरवशाची, ते प्रश्न १७ मध्ये.

३. पहिल्यांदाच पाळतोय. थेट रबर डकी घेऊ का?

नका घेऊ. तो नाजूक आहे एवढंच कारण नाही. तो इतका सावकाश चालतो की तुमची चूक कळायलाच चार महिने जातात. आधी पोर्सेलिओनाइड्स प्रुइनोसस किंवा क्युबॅरिस म्युरिना सहा महिने सांभाळा. माती कधी सुकते, पानं किती दिवसांत जाळीदार होतात, याचा हाताला अंदाज येऊ द्या. मग 'पांडा किंग' घ्या. कलेक्टर क्युबॅरिसमध्ये तो बऱ्यापैकी सोसणारा आहे.

४. किती घ्यावेत आणि डबा केवढा?

दहा-बारा पिल्लं आणि पाच-सहा लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिक डबा. लहानपणी नर-मादी ओळखता येत नाहीत, म्हणून दहा. दोन-चार घेतले तर सगळे एकाच बाजूचे निघण्याची धास्ती राहते. डबा फार मोठा नको, कारण थोडे प्राणी मोठ्या जागेत विखुरले तर तुम्हालाही सापडत नाहीत आणि एकमेकांनाही.

समोरासमोरच्या दोन भिंतींना भोकं पाडून बारीक जाळी चिकटवा. आयसोपॉड मूत्र टाकत नाही. शरीरातला टाकाऊ नायट्रोजन तो अमोनिया वायूच्या रूपात सोडतो, आणि हवा खेळती नसेल तर तो वायू डब्यातच साठतो. स्वच्छ, गुळगुळीत प्लॅस्टिकवर बहुतेकांना चढता येत नाही. काचेच्या टाकीत मात्र कोपऱ्यातली सिलिकॉनची रेघ त्यांना शिडीसारखी सापडते.

५. नुसतं कोकोपीट घातलं तर चालेल?

जगतील, पण वाढणार नाहीत. कोकोपीट पाणी धरतं, पण पोट भरत नाही. आयसोपॉड मातीवर राहत नाही, माती खातो. माझं प्रमाण असं: दोन भाग कुजलेला पाला, एक भाग कुजकं लाकूड, एक भाग कोकोपीट, मूठभर गांडूळखत आणि मूठभर चुनखडीचा चुरा. थर आठ ते दहा सेंटिमीटरचा. क्युबॅरिस खाली बिळं करून राहतात, त्यामुळे इथे कंजूषी नको. वर तीन-चार सेंटिमीटर सुकी पानं आणि सालीचे दोन-तीन तुकडे.

लाकूड पांढरट आणि बोटांनी दाबलं की चुरगळणारं हवं. नाकाजवळ नेलं की अळंबीचा वास आला पाहिजे. कुंड्यांसाठी मिळणारी तयार माती रासायनिक खताशिवाय क्वचितच असते, म्हणून मी ती वापरत नाही.

६. ओलावा नेमका किती ठेवायचा?

सगळ्यात जास्त आयसोपॉड याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने मरतात. "७० टक्के आर्द्रता ठेवा" असं कुणी सांगितलं तर तो आकडा बाजूला ठेवा. झाकणाला लावलेला मीटर वरची हवा मोजतो, आणि तुमचे प्राणी राहतात पानांच्या खाली.

डब्याचा एक तृतीयांश भाग कायम ओला ठेवा. तिथे स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) दाबून बसवा. ते मुठीत पिळलं तर दोन-चार थेंब पडावेत, धार लागू नये. उरलेला भाग वरून कोरडा आणि खालून किंचित दमट. कुठे बसायचं ते प्राण्याला ठरवू द्या. त्याची पाणी प्यायची तऱ्हाही न्यारी. तोंडाने पितोच, शिवाय शेपटीकडच्या दोन टोकदार अवयवांनी ओल्या पृष्ठभागावरचं पाणी वर ओढून घेतो. ओल्या मॉसवर कुणी मागचा भाग टेकवून निवांत बसलेला दिसला तर तो आजारी नाही, पाणी पितोय.

वरून रोज फवारा मारण्यापेक्षा आठवड्यातून एकदा ओल्या बाजूच्या कोपऱ्यात कपाने पाणी ओता. फवाऱ्याने पानं चमकतात, आपल्याला बरं वाटतं आणि तळ मात्र कोरडाच राहतो. झाकणावर सगळीकडे थेंब जमले असतील तर पाणी तोडू नका, हवेची भोकं वाढवा.

हे मी शिकलो ते असं. एका डब्याचं झाकण बदलून हौसेने मोठ्या जाळीचं बसवलं आणि नऊ दिवस बाहेरगावी गेलो. परतलो तर मॉस बोटांत कुरकुरत होतं. एका सालीखाली सगळे एकमेकांना चिकटून, गोळ्या होऊन बसले होते. एकत्र बसलं, अंग मिटून घेतलं की पाणी कमी उडतं; त्यांनी त्यांच्या परीने शर्थ केली होती. सालीच्या मध्यावरचे सात वाचले, कडेचे गेले.

अपवाद: स्पेनचे मोठे पोर्सेलिओ, उदाहरणार्थ पोर्सेलिओ एक्स्पान्सस. त्यांना भरपूर वारा आणि बराचसा कोरडा डबा लागतो. इथल्या सूचना त्यांच्यासाठी नाहीत.

७. नळाचं पाणी चालतं का?

पाण्यात फक्त क्लोरीन असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा, उडून जाईल. क्लोरामाइन वापरत असतील तर ते असं उडत नाही. तिथे मत्स्यपालनात वापरतात ते क्लोरीन काढायचं औषध घाला किंवा पावसाचं पाणी साठवा.

८. उन्हाळ्यात आणि थंडीत काय करायचं?

बहुतेक ट्रॉपिकल क्युबॅरिस २२ ते २७ अंश सेल्सिअसला सुखात असतात. 'ट्रॉपिकल' म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. पण गुहेजवळच्या मातीत, पाचोळ्याखाली, तापमान फारसं हलत नाही. तीस अंशांच्या वर गेलं की डबा जमिनीवर, सावलीत हलवा आणि शेजारी कापडात गुंडाळलेली गार पाण्याची बाटली ठेवा. डबा फ्रिजमध्ये ठेवू नका.

थंडीत हीट मॅट लावायची तर बाजूच्या भिंतीला, डब्याच्या वरच्या अर्ध्या भागाला लावा. तळाशी लावली तर ते जिथे ओलाव्यासाठी पळतात तीच जागा भाजून निघते.

९. खायला काय द्यायचं?

मुख्य अन्न म्हणजे कुजणारी पानं आणि लाकूड. बाकी सगळं तोंडी लावणं. आठवड्यातून एकदा चिमूटभर माशांचं खाद्य किंवा सुकी कोळंबी, कधी गाजराची किंवा काकडीची चकती. दोन दिवसांत संपलं नाही तर काढून टाका. प्रथिनं अजिबात दिली नाहीत तर कात टाकणारे मऊ सोबती कुरतडले जातात. जास्त दिली तर माइट, म्हणजे कोळ्यांच्या गोतावळ्यातले बारीक जीव, येतात (प्रश्न १४).

कॅल्शियमसाठी समुद्रफेणाचा तुकडा कायम ठेवा. तो अधूनमधून उलटून पाहा. पहिली पिल्लं बहुधा त्याच्याच खालच्या बाजूला चिकटलेली सापडतात.

विष्ठा वेचून फेकू नका. ती बारीक दाणेदार काळी भुकटी ते पुन्हा खातात. त्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं द्रव्य तांब्यावर चालतं आणि ते तांबं त्यांना या दुसऱ्या जेवणातून परत मिळतं.

१०. कुठली पानं? ती उकळायची का?

झाडावरून गळलेली, तपकिरी, सुकी, रुंद पानं. ओक, बीच, देशी बदाम, पेरू, फणस, काहीही चालेल. हिरवी तोडून वाळवलेली नकोत. सूचिपर्णी झाडांची, निलगिरीची आणि कापराची टाळा. कडुनिंबाची तर अजिबात नको. त्यातलं अझाडिरॅक्टिन कीटकांची कात टाकण्याची यंत्रणा बिघडवतं, आणि आपल्या प्राण्यालाही आयुष्यभर कातच टाकायची असते.

रस्त्याकडेची पानंही घेऊ नका. आयसोपॉड जस्त, कॅडमियम, शिसं असे धातू शरीरात साठवून ठेवतात, इतके की प्रदूषण मोजायला शास्त्रज्ञ त्यांचा उपयोग करतात. फवारणी झालेल्या बागेतली पानं तर लांबच ठेवा. पानं उकळून निथळून घेतली की नकोसे पाहुणे जातात. सोबत थोडं सत्त्वही जातं, म्हणून मी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवणं पसंत करतो.

११. पार्सल उघडून डब्यात सोडले, त्यानंतर महिनाभर एकही दिसला नाही. मेले का?

बहुधा नाही. हे निशाचर, बिळात राहणारे, प्रवासाने हादरलेले प्राणी आहेत. क्युबॅरिस तर तीन-तीन महिने तोंड दाखवत नाहीत. माती उकरून मोजदाद करू नका. उकरलं की बिळं ढासळतात, कात टाकणारे उघडे पडतात, आणि जो मेला नव्हता तो मरतो.

खात्री करायची तर तीन गोष्टी बघा. पानांच्या शिरा तशाच आणि मधला भाग खाल्लेला, असं जाळीदार पान. समुद्रफेणावर खरवडल्याच्या खुणा. आणि सालीखाली ताजी विष्ठा. मेलेले असते तर पानांवर आधी बुरशी दिसली असती. रात्री लाल उजेडात, आवाज न करता, झाकण न उघडता बघा. मला एका डब्यातला पहिला चेहरा अकराव्या आठवड्यात दिसला, मॉसच्या कडेला, दोन मिशा हलवत. मी श्वास सोडला आणि तो आत गेला.

पार्सल आल्यावर पेटी लगेच न उघडता तासभर खोलीत ठेवा. सोबत आलेलं मॉस आणि माती टाकून न देता प्राण्यांसकट आत ठेवा.

१२. एक आयसोपॉड मागून पांढरा आणि पुढून रंगीत झालाय. रोग आहे का?

कात टाकतोय. हे लोक कात दोन टप्प्यांत टाकतात: आधी मागचा अर्धा भाग, मग एक-दोन दिवसांनी पुढचा. त्याआधी पोटाखाली पुढच्या बाजूला खडूसारखे पांढरे चट्टे दिसतात. तो जुन्या कवचातून काढून ठेवलेला कॅल्शियमचा साठा असतो. टाकलेली कात बहुतेक वेळा स्वतःच खाऊन टाकतो. हात लावू नका.

पोटाखाली शेपटीजवळ कायम दिसणारे पांढरे ठिपके मात्र वेगळे. पोर्सेलिओ आणि आर्माडिलिडियम या गटांमध्ये ती हवेत श्वास घेणारी 'फुप्फुसं' असतात.

१३. पिल्लं कधी होतील? नर-मादी कसे ओळखायचे?

मादी अंडी जमिनीत घालत नाही. पोटाखालच्या पाण्याने भरलेल्या पिशवीत सांभाळते आणि पिल्लं तयार झाली की बाहेर सोडते. त्यांना मॅन्का म्हणतात. जन्मतः पाय सहाच जोड्या, सातवी नंतर फुटते. रंग दुधी, आकार खसखशीएवढा. पोर्सेलिओ लेविस एका खेपेला डझनावारी पिल्लं देतो. रबर डकीची खेप हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असते आणि पुढची खेप सवडीने येते. पहिलं वर्ष नुसतं थांबायचं.

मोठ्या झालेल्यांना उलटं करून भिंगाखाली पोटाच्या मागच्या टोकाशी पाहिलं तर नराचे प्लिओपॉड लांब, टोकदार दिसतात. पण क्युबॅरिस गोळी होऊन बसतो आणि आपण वाट बघत राहतो. ते न केलेलंच बरं.

दोन गमती. ट्रायकोराइना टोमेन्टोसा या बुटक्या पांढऱ्या जातीला नर लागतच नाही, एकटी मादी वसाहत उभी करते. आणि आर्माडिलिडियम व्हल्गेरमध्ये वोल्बाकिया नावाचा जिवाणू जन्माने नर असलेल्याची मादी करून टाकतो. डब्यात माद्याच माद्या झाल्या तर कदाचित तोच.

१४. बुरशी आली, आणि बारीक पांढरे ठिपके पळताहेत. डबा टाकून देऊ?

नाही. नव्या डब्यात पहिल्या महिन्यात लाकडावर बुरशी येतेच. आयसोपॉड ती खातात. मदतीला स्प्रिंगटेल (बुरशी खाणारे, उडी मारणारे बारीक जीव) सोडा. पळणारे ठिपके लांबट असतील आणि फुंकर मारल्यावर उडी घेत असतील तर ते स्प्रिंगटेलच, म्हणजे मित्र. गोल, सावकाश चालणारे आणि उरलेल्या खाद्यावर ढिगाने जमणारे असतील तर माइट. त्यावर औषध मारायचं नाही, कारण माइटला मारणारं बहुतेक काही आयसोपॉडलाही मारतं. दोन-तीन आठवडे प्रथिनं बंद करा, वरचा भाग जरा सुकू द्या, काकडीची चकती रात्री ठेवून सकाळी माइटसकट उचला.

१५. एकजण जांभळट-निळा चमकायला लागलाय. नवा मॉर्फ (रंगाचा नवा प्रकार) मिळाला का?

दुर्दैवाने, नाही. हा आयरिडोव्हायरस. विषाणूचे कण पेशींमध्ये स्फटिकासारखे रचले जातात आणि त्यांच्यावरून निळा प्रकाश परावर्तित होतो. दिसतं सुंदर, पण प्राणी मरतो. उपाय नाही. त्याला ताबडतोब वेगळा काढा, कारण मेलेल्याला खाऊन दुसऱ्याला लागण होते. माणसाला काही होत नाही.

फसू नका: प्रुइनोससचा 'पावडर ब्लू' जन्मापासून फिकट निळसर, भुकटी लावल्यासारखा असतो. तो निरोगी. काल करडा आणि आज झगमगीत, हे लक्षण रोगाचं.

१६. काही बदललं नाही, तरी एकेक मरतोय. कुठून शोधायला लागू?

नाकापासून. तळाशी बोट घालून माती हुंगा. पावसानंतरच्या जमिनीचा वास आला तर ठीक. सडक्या अंड्याचा आला तर तळ पाण्याने भरून हवा संपली आहे. वाचलेल्यांना नव्या मातीत हलवा, पण जुन्या डब्याच्या चांगल्या भागातली दोन मुठी माती सोबत द्या. वास बरा असेल तर तळ कोरडा आहे का बघा (प्रश्न ६), मग नवी पानं कुठून आणली ते आठवा (प्रश्न १०). घरात डासांची कॉइल, उदबत्ती किंवा झुरळांचा फवारा झाला होता का, हेही विचारा. "काही बदललं नाही" म्हणणाऱ्यांच्या घरात बहुतेकदा हेच बदललेलं निघतं.

१७. दोन विक्रेते एकाच प्राण्याला दोन नावं देतात. खरं कुठलं?

कदाचित दोन्ही नाहीत. 'क्युबॅरिस एसपी.' याचा अर्थ 'क्युबॅरिस असावा, जात ठरलेली नाही'. ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ब्रांट यांनी क्युबॅरिस म्युरिनावरून १८३३ मध्ये मांडली. आज त्या नावाखाली विकले जाणारे पुष्कळ प्राणी नीट तपासले गेले तर दुसऱ्याच प्रजातीत जातील. अवतरण चिन्हातलं नाव म्हणजे विक्रेत्याने ठेवलेलं लाडाचं नाव. डब्यावर ते नाव, घेतल्याची तारीख आणि मूळ ठिकाण कळलं असेल तर तेही लिहून ठेवा. उद्या शास्त्रीय नाव ठरलं तर ही चिठ्ठीच कामाला येईल.

१८. दोन जाती एकाच डब्यात ठेवल्या तर संकर होईल का?

वेगवेगळ्या जातींचा सहसा होत नाही. पण भराभर वाढणारी जात सावकाश जातीचं अन्न आणि जागा खाऊन टाकते, आणि वर्षभरात एकच उरते. एकाच जातीचे दोन रंग एकत्र ठेवले तर त्यांचा संकर हमखास होतो, आणि बहुतेकदा दोन्ही रंग जाऊन जंगली करडा परत येतो.

१९. बेडकाच्या किंवा गेकोच्या (पाळीव पालीच्या) टेरॅरियममध्ये सफाईला सोडू का?

बुटके पांढरे ट्रायकोराइना खुशाल सोडा. पोर्सेलिओ लेविस नको. तो प्रथिनांचा हावरट आहे, कात टाकणाऱ्या किंवा निपचित पडलेल्या प्राण्याला कुरतडू शकतो. आणि रबर डकी तिथे सोडणं म्हणजे दागिना घालून भांडी घासणं.

२०. तीन आठवडे घरी नाही. कुणाला सांगून जाऊ?

कुणालाच नको. निघण्याआधी ओला कोपरा नीट भिजवा, पानं भरपूर घाला, प्रथिनं ठेवू नका, हवेची थोडी भोकं चिकटपट्टीने बंद करा. प्रेमाने रोज पाणी घालणारा शेजारी तीन आठवड्यांच्या एकटेपणापेक्षा जास्त धोक्याचा.

२१. जंगलातून पकडलेले घ्यावेत का? आणि फार झाले तर बागेत सोडू का?

शक्यतो डब्यात जन्मलेलेच घ्या. चुनखडीच्या एखाद्याच टेकडीवर राहणारी जात पोतंभर उचलली तर ती तिथे परत भरून येईलच असं नाही. शिवाय पकडून आणलेले परजीवी घेऊन येतात आणि पार्सलमध्येच निम्मे संपतात. जिवंत प्राणी परदेशातून मागवायला बहुतेक देशांत परवाना लागतो. विक्रेता "काही होत नाही" म्हणाला तरी नियम स्वतः वाचा.

बागेत सोडायचं नाही, एकही नाही. आर्माडिलिडियम व्हल्गेर मूळचा भूमध्य समुद्राकाठचा, आज तो उत्तर अमेरिकाभर पसरलेला आहे. ट्रायकोराइना अमेरिकेच्या उष्ण भागातून कुंड्यांच्या मातीसोबत जगभरच्या हरितगृहांत पोचला. जास्तीचे दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या किंवा बेडूक पाळणाऱ्याला. जुनी माती बदललीत तर तीही तशीच कुंडीत ओतू नका. त्यात न दिसणाऱ्या मॅन्का असतातच. वर-खाली करून दिसतील तेवढ्या वेचा, उरलेली माती पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मगच टाका.